पन्नासाला त्रेपन्न सांगणारी बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. अरे अरे, पळू नका, मित्रांनो! माझ्यातून गोळी सुटत नाही, धूर निघत नाही. माझा घोडा दाबला की समोरून जे धावत येत असेल, त्याचा वेग माझ्या पाठीवर लाल आकड्यांत उमटतो, एवढंच. मग ती मोटार असो, चेंडू असो, नाहीतर जेवणाची घंटा ऐकलेले आमचे पास्टर असोत. पास्टरांचा वेग मी एकदा मोजलाय. ताशी एकोणीस मैल. तेही काखेत बायबल धरून.

माझा जन्म कारखान्यातला. पहिली नोकरी पोलिसांत, ओक्लाहोमात, हॅकबेरी गावच्या शेरीफकडे. काय रुबाब होता माझा! मला बघितलं की भलेभले ब्रेक दाबायचे. शेरीफच्या सासूबाई तर माझ्या धाकानं इतकी हळू गाडी चालवायच्या, की एकदा एक कासव हॉर्न देऊन त्यांच्या पुढे गेलं. आणि आमच्याकडचा वारा! एका दुपारी त्यानं कोंबड्यांचं अख्खं खुराडं उचललं आणि हमरस्त्यावरून नेलं. मी बेचाळीस दाखवले. शेरीफनं कोंबड्यांच्या नावानं पावती फाडली. खोटं वाटतं? मग कोंबड्यांना विचारा.

पुढे शेरीफनं नवी बंदूक घेतली आणि मला लिलावात एका मोडक्या खुर्चीबरोबर विकलं. घेतलं वेंडेल प्रॉक्टरनं. वेंडेल हॅकबेरीचाच. काम बेसबॉलच्या पारख्याचं. म्हणजे असं, की एका मोठ्या क्लबसाठी गावोगाव हिंडायचं, शाळेतली पोरं खेळताना बघायची आणि कुणात दम आहे ते साहेबांना कळवायचं. चेंडू फेकणाऱ्या पोराचा वेग मी सांगायची, बाकीचं वेंडेलचे डोळे सांगायचे.

काय दिवस होते, मित्रांनो! तीन राज्यांतल्या मैदानांची धूळ मी खाल्ली. तारेच्या जाळीमागे वेंडेल मला डोळ्यापुढे धरायचा, की अख्खी शाळा चेंडू सोडून माझ्याकडेच बघायची. "किती? किती आले?" पोरांचे बाप तर वेंडेलला सोडून मलाच सूर्यफुलाच्या बिया द्यायला यायचे. "ही म्हातारी कधी चुकत नाही," वेंडेल सगळ्यांना सांगायचा. मी फुगायची. आता कळतं, की त्या फुगण्यातच घोटाळा होता.

कारण कौतुक करायला वेंडेल पुढे आणि काळजी घ्यायला मागे. उन्हाळ्यात मला पिकअपच्या काचेखाली तापत टाकायचा. तिथे म्हणे अंडं ठेवलं तर पिल्लू बाहेर येऊन पाणी मागायचं. माझ्यावर दोनदा कॉफी सांडली. एकदा त्यानं मला चुकून घोड्याचा खरारा समजून कुत्र्याच्या पाठीवरून फिरवलं. मी कण्हले नाही. आकडे दाखवत राहिले. पण आत कुठंतरी काहीतरी सरकलं होतं, आणि मलाच ते कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका.

दर जूनमध्ये देशातले सगळे क्लब आळीपाळीनं पोरं निवडतात. पहिल्या फेऱ्यांतली पोरं महागाची, शेवटच्या फेऱ्यांतली स्वस्तातली. पण निवडलं म्हणजे पोरगा मिळाला असं नाही बरं. पसंती वेगळी आणि अक्षता वेगळ्या. पोरानं कागदावर सही केली तर तो क्लबचा. नाही केली आणि कॉलेजच्या पहिल्या तासाला वर्गात जाऊन बसला, की संपलं. त्या काळी नियमच तसा होता. क्लबनं हात चोळत बसायचं.

वेंडेलनं सुचवलेली दोन पोरं आधी अशीच निसटली होती. एकाला देवानं पास्टर व्हायला बोलावलं, दुसऱ्याला घोडा पिंपांभोवती पळवायच्या शर्यतीतल्या एका मुलीनं. साहेबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "वेंडेल, तिसरा निसटला तर पिकअपच्या किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी बसायचं."

तो तिसरा म्हणजे रॉय्स हॅडॉक. आमच्याच हॅकबेरीचा, अठरा वर्षांचा, डावखुरा, बांबूसारखा लांब. त्याला वाढवलं त्याच्या आजीनं, ओपलनं. गोठ्यामागे उलट्या बादलीवर बसून ती त्याचे चेंडू झेलायची. तोंडात पिन, डोक्यात कर्लर, हातात मोठा चामडी मोजा. त्या वसंतात वेंडेलनं मला रॉय्सवर रोखलं आणि मी दाखवले पंच्याण्णव. वेंडेलच्या हातातला हॉटडॉग पडला. कुत्र्यानं खाल्ला.

जूनमध्ये क्लबनं रॉय्सला तिसऱ्या फेरीत घेतलं. गावात नुसता जल्लोष! अग्निशामक गाडीची घंटा वाजवली, बेकरीवाल्यानं बेसबॉलएवढे डोनट तळले. वेंडेल कागद घेऊन ओपलच्या स्वयंपाकघरात हजर.

"कर सही, पोरा."

रॉय्स म्हणाला, "विचार करतो."

जून गेला, जुलै गेला, तो विचारच करत राहिला. वेंडेल रोज जायचा. ओपल त्याला रोज पीचच्या फोडी भरून भट्टीत भाजलेला, 'पाय' नावाचा गोड पदार्थ खायला द्यायची, त्यामुळे वेंडेलचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला, पण सही काही सरकली नाही. साहेबांना वाटलं, पोरगा भाव खातोय. त्यांनी रक्कम वाढवली. पुन्हा वाढवली. रॉय्स आपला अंगणात उभा राहून पायानं माती उकरायचा.

ऑगस्टमधला शेवटचा रविवार उजाडला. सोमवारी सकाळी आठ वाजता रॉय्सचा कॉलेजचा पहिला तास. चर्चनंतर झाडाखाली गावजेवण होतं. तळलेली कोंबडी, भेंडी, कणसं. वेंडेल ताट न घेताच रॉय्ससमोर जाऊन बसला. मी त्याच्या गळ्यात लोंबत होते.

"रॉय्स, तुला हवंय तरी काय? अजून पैसे?"

"नाही, मिस्टर प्रॉक्टर. तुम्ही रागावाल."

"मी रागावतोय का बघ. दोन महिने तुमच्याकडे पाय खातोय, रागवायला पोटात जागा उरलीय का?"

तेव्हा पोरानं सांगितलं. "जत्रेत चेंडू फेकून वेग बघायचा स्टॉल असतो ना, तिथं माझे नव्वद येतात. दर वेळी नव्वद. तुमच्या बंदुकीत पंच्याण्णव. मागच्या वर्षी तुम्ही वुडी स्पॅनला चौऱ्याण्णवचा म्हणून पाठवलंत. तिथं तो एकोणनव्वदचा निघाला. ऑक्टोबरात परत आला. आता टायर बदलतो आणि मैदानाकडे बघतसुद्धा नाही. मला जायचंय हो. लई जायचंय. पण जो मी नाहीच, तो म्हणून नाही जायचं."

वेंडेल लाल झाला. आमच्याकडे एखाद्या पारख्याला त्याच्या बंदुकीबद्दल विचारणं म्हणजे त्याच्या बायकोच्या वयाबद्दल विचारण्यासारखं. "जत्रेतलं खेळणं खरं, आणि माझी म्हातारी खोटी?"

"वेंडेल," ओपल म्हणाली. ती शांतपणे कोंबडीची तंगडी चघळत होती. "डोरीन चर्चमध्ये सूर कशानं देते रे?"

डोरीन म्हणजे वेंडेलची बायको. गायनमंडळ तीच सांभाळते, आणि ओपल तिच्या मागच्या रांगेत गाते. डोरीननं पर्समधून नादकाटा काढला. दोन दात्यांचा, पोलादी. टाचेवर आपटला की टीं करून सूर देतो. "हा का? हा मला पिकअपच्या खणात सापडला होता. अकरा वर्षं झाली. सूर अगदी चोख देतो गं."

"देणारच. खाली काय कोरलंय वाच."

डोरीननं चष्मा लावला. "पन्नास."

मित्रांनो, मला घाम फुटला. तो काटा माझा होता! प्रत्येक वेगबंदुकीबरोबर एक येतो. तो वाजवून तिच्या तोंडासमोर धरायचा, तिनं त्याच्यावर कोरलेला आकडा दाखवायचा. दाखवला तर ती खरी. रोज खेळाआधी करायचं काम. आणि अकरा वर्षं माझा काटा देवाची गाणी म्हणत होता!

"तुला कधीपासून माहीत होतं?" वेंडेलनं विचारलं.

"ईस्टरला मागच्या रांगेतून काट्यावरचा आकडा दिसला, तेव्हापासून," ओपल म्हणाली. "वाट बघत होते, तू स्वतःहून कधी विचारतोस."

"आणि दोन महिने मला नुसता पाय खाऊ घालत होतीस?"

"तोंड भरलेलं असलं, की माणूस बोलायचा थांबतो आणि विचार करतो रे."

वेंडेलनं काटा बुटाच्या टाचेवर आपटला आणि माझ्यासमोर धरला. सगळं गाव ताटं घेऊन गोळा झालेलं. मी जीव तोडून पन्नास दाखवायचा प्रयत्न केला. आजवर मी शंभर थापा मारल्या असतील, पण त्या क्षणी एकच खरं बोलायचं होतं. आणि माझ्या पाठीवर उमटले त्रेपन्न.

कुणी हसलं नाही. पास्टरांनी बोटांवर हिशेब केला. "पन्नासाला तीन जास्त, म्हणजे पंच्याण्णवाला पाचेक. पोराचे नव्वदच."

वेंडेल मला मांडीवर ठेवून बसला. मला कळत होतं त्याच्या मनात काय चाललंय. गप्प राहिला असता तर? साहेब इथे नव्हते. पण तो उठला, आणि चर्चच्या खोलीतल्या फोनवरून त्यानं साहेबांना सगळं सांगितलं. पलीकडून इतका आवाज आला, की मी तो मोजला असता तर एकशेदहा भरला असता.

"होय साहेब, चूक माझी," वेंडेल म्हणत होता. "होय, किल्ल्या तयार आहेत. पण एक ऐका. आकडा खोटा होता, माझे डोळे नाहीत. त्याचा वळणारा चेंडू फलंदाजाला घराचा पत्ता विसरायला लावतो. त्याला तिसऱ्या फेरीचा भाव देऊ नका, दहाव्या फेरीचा द्या. पण घ्या."

साहेब म्हणाले, मालकांना विचारावं लागेल. सोमवारी सकाळी सांगतो. वेंडेलनं त्यांना कॉलेजच्या इमारतीत, वर्गाबाहेर जो फोन आहे, त्याचा नंबर दिला.

सोमवारी पावणेआठला आम्ही चौघं त्या फोनखाली उभे. रॉय्स नव्या शर्टात, ओपल टोपीत, वेंडेल कागद घेऊन, मी त्याच्या गळ्यात. तास दगडांच्या अभ्यासाचा. आठ वाजले. बारीक मिशांचे एक मास्तर हजेरीची वही घेऊन आले.

"आत येताय की नाही, तरुण माणसा?"

रॉय्सनं फोनकडे बघितलं. फोन मुका. त्यानं एक पाय उचलला. अजून एक वीत, आणि संपलं!

"अगं बाई गं!" म्हणून ओपल थेट मास्तरांच्या अंगावर कोसळली. "चक्कर! मास्तर, मला धरा! तुम्ही आत गेलात की मी मेलेच!"

मास्तर बाहेर, म्हणजे तास सुरू नाही. म्हातारीनं बरोबर हेरलं होतं. मास्तरांनी खुर्ची आणली. तिनं पाणी मागितलं. मग बर्फ मागितला. मग त्यांना विचारलं, की पृथ्वी किती जुनी, आणि हे मोजायला तिचा वाढदिवस कुणी लिहून ठेवला होता. मास्तर बिचारे रंगात येऊन हातवारे करून सांगू लागले. सव्वाआठ. आठ वीस. वेंडेलच्या कपाळावरून घाम माझ्यावर टपटप. पृथ्वी दोन अब्ज वर्षांची झाली आणि फोन वाजला.

वेंडेलनं तो इतक्या जोरात उचलला, की भिंतीचा टवका निघाला.

"हो साहेब. हो. दहाव्या फेरीचा. नव्वदचा म्हणून, हो, कागदावर तसंच लिहितो. आणि माझ्या किल्ल्या?" तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "हो साहेब. किल्ल्या खिशातच ठेवतो. आणि बंदूक आजच दुरुस्तीला टाकतो."

रॉय्सनं मास्तरांच्या हजेरीच्या वहीवर कागद ठेवून सही केली. घाईत नावात एक अक्षर जास्त पडलं. ओपल खुर्चीतून टुणकन उठली, नातवाचा कान पकडून खाली ओढला आणि गालाचा मुका घेतला. "आता जा. आणि नव्वदच टाक. मी झेललेत, मला माहितीय ते हाताला किती लागतात."

"अहो बाई, पण पृथ्वीचं अजून अर्धं राहिलंय," मास्तर म्हणाले.

"ती कुठं जातेय? राहील तिथंच," ओपल म्हणाली.

परतीच्या वाटेवर वेंडेल घरी गेला नाही. ओपलला सोडून तो टायरच्या दुकानात गेला. वुडी स्पॅन गाडीखाली होता. नुसते बूट दिसत होते. वेंडेलनं टोपी काढली आणि त्या बुटांना सगळं सांगितलं. काटा, त्रेपन्न, सगळं.

पाना खणकन खाली पडला. मग गाडीखालून आवाज आला, "म्हणजे तिथं जाऊन मी मंदावलो नव्हतो?"

"नाही रे. तू जसा होतास तसाच होतास. मीच तुला चुकीच्या आकड्यानं पाठवलं."

वुडी बाहेर आला. तोंडाला ग्रीस. वर्षभर खांदे पाडून चालणारा तो पोरगा सरळ उभा राहिला, तेव्हा मला कळलं तो किती उंच आहे. त्यानं मला हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "काय गं ए म्हातारे!" मग हसायला लागला, आणि इतका हसला की दुकानाचा मालक बाहेर बघायला आला. त्या शनिवारी तो मैदानावर दिसला. उगाच. मजा म्हणून.

मी दुरुस्त झाले, मित्रांनो. आता पन्नासाला पन्नास सांगते. बाकी गोष्टींचं मला विचारू नका, कासवाचा हॉर्न मी स्वतः ऐकलाय. पण एक गोष्ट थापेबाज म्हातारीची म्हणून सोडून देऊ नका. आम्हा यंत्रांना उन्हात टाकू नका, आमच्यावर कॉफी सांडू नका, आणि आमचं कितीही कौतुक वाटलं तरी अधूनमधून आम्हाला तपासा. आणि कुणी तुमच्यावर आकडा चिकटवला, परीक्षेचा असो की मैदानातला, तर छाती फुगवायच्या किंवा मान खाली घालायच्या आधी अदबीनं एवढं विचारा, "मोजणारी कधी तपासली होती हो?"