लॉइसबाईंच्या वहीची बांधणी

मोरेश्वर वैरागडे यांनी नागपूरच्या महालात एकेचाळीस वर्षं बाईंडिंगचं दुकान चालवलं. वकिलांची कायद्याची पुस्तकं, पीएचडीचे प्रबंध, ऑफिसांची जाडजूड रजिस्टरं, कुणाच्या घरातली पानं सुटलेली पोथी, जे येईल ते त्यांनी बांधून दिलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा दुकान बंद केलं. त्यानंतर दोन वर्षांनी बायको गेली, आणि त्या नोव्हेंबरात लेकीच्या आग्रहाखातर ते पहिल्यांदाच अमेरिकेला आले.

लेक आसावरी ओहायोतल्या डब्लिनला एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात बसून जुजबंदी करत असे. चार-सहा कागद मधून दुमडले की एक जुज. अशी पंधरा-वीस जुजं सुईदोऱ्यानं एकमेकांना शिवली की पुस्तकाचा गठ्ठा तयार. पण नववीत वर्गातल्या एका मुलीनं तिच्या बोटांवरची वाळलेली खळ पाहून नाक मुरडलं, आणि आसावरीनं दुकानात बसणं सोडलं. अभ्यास वाढला, असं घरी सांगितलं. पुढे इंजिनिअरिंग, पुण्याची नोकरी, सुशांतशी लग्न, मग ओहायो. इथे कुणी वडिलांबद्दल विचारलं की ती म्हणायची, “प्रिंटिंग लाइनमध्ये होते.”

शेजारच्या घरात लॉइस नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या. तीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. दर डिसेंबरात त्या स्वतः केलेल्या बकाय लाडवांचा डबा आणून द्यायच्या. शेंगदाण्याच्या लोण्याचे छोटे लाडू चॉकलेटात बुडवलेले, वर एवढासा भाग मोकळा सोडलेला. त्याच्या बदल्यात आसावरी दुकानातून आणलेला चॉकलेटचा बॉक्स द्यायची. “यार, त्या हातानं करतात आणि आपण रांगेत उभं राहून विकत आणतो,” असं सुशांत दर वर्षी म्हणायचा. दर वर्षी तेवढ्यावरच राहायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लॉइसबाईंचं एक पार्सल चुकून यांच्या दारात आलं. ते द्यायला आसावरी निघाली तेव्हा बाबाही बरोबर गेले. लॉइसबाईंच्या ओट्यावर एक जुनी वही पडली होती. पाठ पूर्ण गेलेली, पुठ्ठा मऊ पडलेला, सगळी पानं दोन रबरबँडांनी कशीबशी धरून ठेवलेली.

“माझ्या आईची आहे,” लॉइसबाई म्हणाल्या. “तिच्या सगळ्या रेसिपी. उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी आलं आणि हे असं झालं. पानं खाली पडली, कुठलं कुठे ते कळत नाही. मुलगी म्हणते, फोनवर फोटो काढ आणि टाकून दे.” त्या हसल्या, पण हात वहीवरच ठेवून.

बाबांनी “मे आय?” म्हणत वही जवळ ओढली. रबरबँड काढले. तुटलेल्या पाठीवरून अंगठा फिरवला, एक पान उजेडाकडे धरलं.

“आसू, यांना सांग, मी बांधून देतो. ख्रिसमसच्या आत.”

आसावरीनं वहीकडे पाहिलं. मग लॉइसबाईंना इंग्रजीत म्हणाली, “बाबा म्हणतात, वही फार सुंदर आहे.”

बाबांनी एकेचाळीस वर्षं वकिलांशी व्यवहार केला होता. बोलायला अडखळले तरी इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं. त्यांनी वही मिटली. रबरबँड जसे होते तसे परत लावले.

बाहेर ड्राइव्हवेवर आल्यावर म्हणाले, “मी हे नव्हतं म्हटलं.”

“बाबा, तिच्या आईची एवढीच वस्तू उरलीय. काही बिघडलं तर? पुन्हा तोंड कसं दाखवायचं?”

“माझ्या हातून कधी कुणाचं पान गेलं का?”

“तसं नाही हो.”

“मग कसं?” ते थांबले. “या बाईंना तू काय सांगितलं आहेस? मी काय करायचो?”

“प्रिंटिंग लाइन,” आसावरी हळूच म्हणाली.

“प्रिंटिंग आपल्या दुकानासमोरचे ते काळे करायचे. मी बांधायचो.” एवढं बोलून ते पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसावरी घरूनच मीटिंगमध्ये होती. बोलता बोलता तिची नजर खिडकीबाहेर गेली. सुशांतचं ढगळ जॅकेट घालून, उघड्या डोक्यानं, पाय जपून टाकत बाबा बर्फातून लॉइसबाईंच्या दाराकडे चालले होते. हातात त्यांची स्वतःची डायरी होती, त्यांनीच बांधलेली. दार उघडलं, ते आत गेले. मीटिंगमध्ये कुणीतरी तिला काहीतरी विचारलं आणि त्यांना ते दोनदा विचारावं लागलं. वीस मिनिटांनी बाबा परतले ते टॉवेलात गुंडाळलेली वही छातीशी धरून.

“काय म्हणालात त्यांना?” हेडफोन काढून तिनं विचारलं.

“म्हटलं, आय बाइंड बुक्स. फॉर्टी-वन इयर्स. डायरी दिली हातात. त्यांनी उघडून पाहिली, मिटून पाहिली, पुठ्ठा धरून ओढून पाहिला. बाई जाणकार आहे. मग आत गेल्या आणि टॉवेल घेऊन आल्या.”

त्या दिवसापासून जेवणाचं टेबल बाबांचं झालं. सुशांत त्यांना हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेला. तिथून त्यांनी दोन फळ्या आणि चार क्लॅम्प आणले, आणि त्यांचा पुस्तक घट्ट दाबून धरायचा दाब तयार केला. मैद्याची खळ गॅसवर स्वतः शिजवली. नागपूरहून येताना बॅगेत टाकलेलं दाभण आणि सुया बाहेर निघाल्या.

पहिला प्रश्न पानांच्या क्रमाचा होता. पानांवर आकडे नव्हते, आणि पेन्सिलीनं जोडून लिहिलेलं ते इंग्रजी बाबांना वाचता येत नव्हतं. आसावरी मदतीला बसली, तर तिलाही केक कुठला आणि फळं भरून भाजलेली पाय कुठली यापलीकडे क्रम लागेना.

“वाचू नको,” बाबा म्हणाले. “डाग बघ.”

त्यांनी दोन पानं शेजारी ठेवली. एकावर लोण्याचा गोल डाग, दुसऱ्यावर तसाच, पण उलटा आणि थोडा फिकट. “वही मिटल्यावर हे याला चिकटलं होतं. म्हणजे हे समोरासमोर.” मग तिसरं पान, त्यावर त्याच डागाची नुसती सावली. एका बाईच्या पन्नास-साठ वर्षांच्या स्वयंपाकाचे डाग होते ते, आणि बाबा ते एकामागून एक लावत गेले. दोन दिवसांत एकशे बारा पानं ओळीनं लागली. सुशांत फोनवर फोटो काढत राहिला. “बाबा, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही,” तो म्हणाला. बाबांनी मान वर केली नाही, पण मिशीत हसले.

सुट्या पानांच्या जोड्या पातळ कागदाच्या पट्टीनं जोडून झाल्या, जुजं झाली. आता शिवण. शनिवारी सकाळी बाबा खिडकीजवळच्या उजेडात बसले. आसावरी भाजी चिरत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की ते शिवतायत आणि उसवतायत, पुन्हा शिवतायत, पुन्हा उसवतायत. तिसऱ्यांदा त्यांनी सुई खाली ठेवली आणि बोटांची टोकं एकमेकांवर चोळली.

“काय झालं?”

“शुगरमुळे बोटांना कळत नाही आताशा. दोरा किती ओढला ते समजत नाही. जास्त ओढला तर कागद चिरेल, कमी ओढला तर गठ्ठा हलेल.” मग खिडकीकडे पाहत म्हणाले, “त्यांना वही परत देऊन येतो. आपल्याच्यानं झालं नाही, म्हणून सांगतो.”

बाबांच्या तोंडून असं वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं हात धुतले, पुसून कोरडे केले आणि त्यांच्या समोर बसली.

“द्या.”

“हे सोडून तीस वर्षं झाली तुला.”

“द्या तर खरं.”

पहिलं जुज तिनं भीतभीत शिवलं. सुई आत, बाहेर, पुन्हा आत. दुसऱ्याला शेवटी गाठ घालायची वेळ आली आणि ती विचारणार, एवढ्यात तिच्या बोटांनी ती घालूनही टाकली होती. खालच्या टाक्यातून सुई फिरवून, दोरा पाठीच्या दिशेनं ओढून. तिनं वर पाहिलं. बाबा पुढे वाकून तिच्या हातांकडे पाहत होते.

“मेणबत्ती घासून घे दोऱ्याला अजून,” ते एवढंच म्हणाले.

त्या दिवशी भाजी सुशांतनं केली. दुपारपर्यंत चौदा जुजं शिवून झाली. नवव्याजवळ बाबांनी तिला थांबवलं, बोट लावून म्हणाले, “इथे सैल आहे,” आणि तिला दोन जुजं उसवायला लावली. तिनं कुरकुर न करता उसवली. आपण करतोय ते बरोबर की चूक हे टाका घालतानाच हाताला कळतंय, याचा तिला इतका आनंद झाला होता, की पूर्ण वही उसवायला सांगितली असती तरी चाललं असतं.

पुठ्ठ्यावर चढवायला मजबूत कापड हवं होतं. बाबांनी कपाटातून एक जीन्स शोधून काढली आणि कापली.

“बाबा, ती माझी आवडती होती!” सुशांत ओरडला.

“गुडघ्यावर फाटली होती, सुशांतराव.”

“ती फाटकीच विकत घेतली होती!”

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आसावरीला हसू आवरेना.

शेवटी प्रश्न कडांचा. बाबांच्या दुकानातून कडा कापून सारख्या न केलेलं पुस्तक कधी बाहेर गेलं नव्हतं. पण या वहीत अगदी काठापर्यंत बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. साखर कमी घाल. थँक्सगिव्हिंगला दुप्पट कर. यांना आवडली नाही. आसावरीनं ते वाचून दाखवलं. बाबांनी विचार केला आणि पट्टी बाजूला ठेवली. “नाही कापायचं. वेडीवाकडी दिसली तर दिसू दे. अक्षर राहिलं पाहिजे.”

तेवीस डिसेंबरला दुपारी तिघंही लॉइसबाईंकडे गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लॉइसबाईंनी टॉवेल उलगडला. निळ्या जाड कापडाची वही, सरळ ताठ पाठ. त्यांनी ती टेबलावर ठेवून मधूनच उघडली, आणि ती सपाट उघडी राहिली. एक पान, दुसरं पान. मग त्या खुर्चीत बसल्या.

“हे असंच होतं,” त्या म्हणाल्या. “आधी पाय, मग केक, मग लोणची. आई गेल्यापासून मी हे या क्रमानं पाहिलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?”

आसावरीनं डागांचं सांगितलं. लॉइसबाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “आई फार सांडायची,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वही शेवटपर्यंत उलटली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली होती. दुकानात बाबा अशी छापील चिठ्ठी लावायचे. ही हातानं लिहिलेली होती. “हे काय लिहिलंय?”

आसावरीनं वाकून पाहिलं. ही चिठ्ठी तिनं याआधी पाहिली नव्हती. बाबांच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं : बांधणी, मोरेश्वर वैरागडे, महाल, नागपूर. शिवण, आसावरी मोरेश्वर वैरागडे.

तिनं त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग तिनं प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. “माझे वडील बुकबाइंडर आहेत,” ती म्हणाली. “आणि शिवणारी मी. त्यांच्याच दुकानात शिकले.”

लॉइसबाई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नेहमीचा बकायांचा डबा होता, आणि त्यावर राखाडी लोकरीची कानटोपी. “त्या दिवशी बर्फात हे उघड्या डोक्यानं आले होते,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी विणायला घेतली.” बाबांनी ती तिथेच घातली. थोडी सैल होती. त्यांनी ती कानांवर ओढली आणि “परफेक्ट” म्हणाले.

ख्रिसमसच्या जेवणाला लॉइसबाईंनी तिघांना बोलावलं. त्यांचे थोरले भाऊ आले होते, जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांनी जेवणाआधी वही मागून घेतली, खिडकीपाशी नेली, पाठ बोटानं दाबून पाहिली, टाके मोजले. मग बाबांकडे येऊन हात पुढे केला. दोघांच्याही तळव्यांना घट्टे होते. बराच वेळ त्यांनी हात सोडले नाहीत. आमच्या वडिलांच्या शेताच्या नोंदवह्या माझ्याकडे आहेत, आठ आहेत, कुणी हात लावायला तयार नाही, असं ते म्हणाले.

“आणू दे,” बाबा म्हणाले. “पण पाहिल्याशिवाय मी शब्द देत नाही.”

सुट्ट्या संपल्यावरच्या पहिल्या टीम मीटिंगमध्ये प्रत्येकानं सुट्टीत काय केलं ते सांगितलं. कुणी स्कीइंगला गेलं होतं, कुणी फ्लोरिडाला. आसावरीची पाळी आली तेव्हा तिनं सुई टोचलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “मी एक पुस्तक शिवलं.” मग दहा मिनिटं ती जुजांबद्दल आणि डागांबद्दल बोलत होती आणि कुणीही तिला थांबवलं नाही. खालून बाबांची हाक आली. लॉइसबाईंचे भाऊ खोकं घेऊन दारात उभे होते, आणि दाबाच्या फळ्या धरायला बाबांना ती हवी होती.