चौतीस पायऱ्यांची कॅसेट

माझ्या तडकलेल्या हँडलकडे बघून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं रत्नागिरीत, राजिवड्याच्या खाडीकाठी. मला स्वतःचं बोलणं नाही. दुसऱ्याचं बोलणं मात्र मी जसंच्या तसं सांगतो, त्यात काडीची भर घालत नाही. या स्वभावापायी एकदा एका भल्या माणसाची चोरी पकडली गेली, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

तो माणूस म्हणजे गनी होडेकर. दुबईच्या गोदीत तो फिटर होता. १९८० साली त्याने माझ्यासारखे दोन टेपरेकॉर्डर घेतले. एक आपल्या खोलीत ठेवला आणि मला रजेवर येताना बायकोसाठी, रझियासाठी, आणलं. रझियाला कंटाळा लिहिण्याचा, बोलण्याचा नव्हे! भात चुलीवर ठेवून ती माझ्यासमोर बसायची, तांबडं बटण दाबायची आणि सुरू व्हायची, "अस्सलामु अलैकुम, उमेरचे अब्बा. इकडं सगळी खुशाल हायत." उमेर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. ती कॅसेट गावातल्या कुणाच्या तरी बॅगेतून दुबईला जायची आणि गनीचं उत्तर घेऊन यायची. शेजारणी मला हात लावण्याआधी ओढणीला हात पुसत. तो माझ्या मानाचा काळ होता.

१९९५ मध्ये गनी कायमचा घरी आला. नवरा-बायको समोरासमोर बोलू लागली, म्हणजे भांडू लागली, आणि माझं काम संपलं. मला कपाटावर चढवून वर विणलेला रुमाल टाकला. चार वर्षं मी धूळ खात पडलो. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

मग १९९९ च्या फेब्रुवारीत गनीला हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून परतला तो बाजेवर बसला, आणि उठेचना. डॉक्टर आत्माराम शेट्ये यांनी एका कागदावर बारा आठवड्यांचे व्यायाम लिहून दिले होते. असे व्यायाम करून घेणारं केंद्र मुंबईला. तिथे रोज कोण जाणार? म्हणून ते घरीच करायचे. ओटीवर चालायचं, खुर्चीतून उठायचं-बसायचं, नाडी मोजायची आणि रोजचं रोज टिपून ठेवायचं. घरापासून खाडीपर्यंत जांभ्या दगडाच्या चौतीस पायऱ्या होत्या आणि खाली गनीची होडी बांधलेली होती. डॉक्टर म्हणाले होते, "बारा आठवड्यांनी मी येतो. या पायऱ्या उतरून चढून दाखवा, मग होडीत बसा. पण व्यायाम टाळलात, तर दुसऱ्या झटक्याला आपण होऊन दार उघडून दिलंत असं समजा."

गनीचं आपलं एकच पालुपद. "हललो तर जाईन." भेटायला येणारेही तेच सांगत, पडून राहा म्हणून. रझिया कागद नाचवायची, तो खेकसायचा, "तू काय डॉक्टर झालीस?" असे दोन आठवडे वाया गेले.

तिसऱ्या सोमवारी रझियाने मला खाली काढलं. बटण दाबलं तर मी नुसता घरघरलो. तिने मला बाजारात दादूच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दादूने आतला रबरी पट्टा बदलला आणि म्हणाला, "भाभी, याला काय झाला नव्हता. बंद ठेवलात ना, म्हणून आखडला." रझिया वाटेत स्वतःशीच ते वाक्य घोकत आली.

रात्रीच तिने एक कॅसेट भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बाजेजवळ ठेवलं, बटण दाबलं आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. माझ्यातून तिचा आवाज आला, "अस्सलामु अलैकुम, उमेरचे अब्बा. इकडं सगळी खुशाल हायत. तुमची तब्येत बरी नाय असा समजला. तर आता उठा. ओटीवर पाच मिन्टां चाला. मी मोजतंय."

मित्रांनो, गनी उठला! समोर उभी राहून बोलणाऱ्या रझियाचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. पण दुबईत पंधरा वर्षं याच आवाजाची त्याने वाट पाहिली होती. त्या आवाजाला नाही म्हणणं त्याला जमलंच नाही. चालून झाल्यावर त्याने कॅसेट उलटी केली आणि जुन्या सवयीने उत्तर भरलं, "पाच मिन्टां चाललो. नाडी ब्याण्णव."

रोज तिचं कॅसेटवरचं पत्र, रोज त्याचं उत्तर. पाचाची दहा मिनिटं झाली. मग एका दुपारी गनी उत्तरात म्हणाला, "आज पंधरा मिन्टां चाललो." मी बाजेवर त्याच्या शेजारीच होतो. त्याचे पाय जमिनीला लागलेही नव्हते. मी आपलं टिपायचं ते टिपलं: बाजेची करकर आणि बशीतल्या चहाचा भुरका.

रझियाचं दुसऱ्या दिवशीचं पत्र असं होतं, "तुमचा जवाब भेटला. पंधरा मिन्टां चाललात, ऐकून बरा वाटला. पण चालताना बशीतून चाय कशी प्यालात, ता काय समजला नाय."

गनी खो खो हसला. मग हसू ओसरलं. त्याने तांबडं बटण दाबलं आणि म्हणाला, "रझिया, मी खोटा बोललो. मला भ्या वाटता. चालताना काळीज धडधडला की वाटता, आला परत. म्हणून बसून ऱ्हातो."

समोरासमोर हे त्याच्या तोंडून कधीच निघालं नसतं. मला त्याची कणव आली, आणि अभिमानही वाटला.

रझिया ती कॅसेट आणि मला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेली आणि त्यांचाच आवाज भरून आली. "होडेकर, चालताना ठोके वाढणारच, ते काळजाचं कामच आहे. चालता चालता बोलता येतंय तोवर चाला. बोलणं तुटलं, तर हळू व्हा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर थांबा आणि ताबडतोब मला गाठा."

आता बोलायचं तर जोडीला माणूस हवंच. रझिया त्याच्याबरोबर चालू लागली. ओटीवरून अंगणात, अंगणातून मशिदीपर्यंत, पुढे बंदरापर्यंत. दोघं चालत आणि भांडत. भांडण रंगलं की समजायचं, तब्येत ठणठणीत आहे.

मे महिन्यात डॉक्टर आले. गनी पायऱ्या उतरला, होडीला हात लावून वळला. मी रझियाच्या हातात चालू होतो. चढताना गनीची टकळी सुरू होती: पापलेटचा भाव, उमेरचं लग्न, डॉक्टरांचं सुटलेलं पोट. बाविसाव्या पायरीवर त्याचं बोलणं तुटलं. रझियाची मूठ अशी आवळली की माझं हँडल तडकलं. कुणीही पुढे होऊन त्याला धरलं नाही. डॉक्टरांनी हातानेच खूण केली होती. गनी थांबला. मनगटावर बोटं ठेवून त्याने नाडी मोजली. छातीत दुखत नव्हतं, नुसता दम लागला होता. "घाई केली," तो म्हणाला, आणि सावकाश पुढचं पाऊल टाकलं. तेवीस. चोवीस.

चौतिसाव्या पायरीवर पोचून तो माझ्याकडे वाकला. "अस्सलामु अलैकुम, उमेरची अम्मी. मी घरी पोचलो."

रझिया हातभर अंतरावर उभी होती. "ऐकतंय मी," ती म्हणाली, आणि तिने माझं बटण बंद केलं.

आज २००८ साल आहे. कॅसेटी आता कुणी ऐकत नाही. गनी रोज सकाळी पायऱ्या उतरतो आणि होडी सोडतो. रझिया मात्र दर महिन्याला मला दहा मिनिटं चालवते, पट्टा आखडू नये म्हणून. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असं बाजेला खिळलं असेल. त्यांना नुसतं पडून राहा म्हणू नका. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं त्यांच्यासोबत चाला. आणि ते खोटं बोलले, तर रागावण्याआधी त्यांना भीती कसली वाटते ते नीट ऐकून घ्या. मी साधं यंत्र, मलाही ते जमलं.