घरात माणसं तीन

माझी लेक उजू दुपारी जेमतेम पाऊण तास निजते. तेवढ्यात लिहायचं. पूर्वी दोन-दोन तास निजायची, कालिंदीच्या मांडीवर.

कालिंदी कॅनिंगकडची. खारं पाणी शिरून शेत गेलं, नवरा बजबजच्या तागाच्या गिरणीत लागला, गिरणीला टाळं पडलं तसा तोही कुठेतरी निघून गेला. ती कलकत्त्यात बालीगंजला आमच्याकडे कामाला आली. मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची. रात्री स्वयंपाकघरात निजायची, गुपचूप. घरमालकाची अटच होती, घरच्यांशिवाय कुणी मुक्कामाला नको.

आमचे हे दिल्लीच्या खात्यातून इथे बदलून आलेले. काम शहरांच्या वाढीचं. कुठल्या गावाहून किती माणसं आली, कोणत्या गिरणीमागे आली, याचे तक्ते घरभर. एकाहत्तरच्या मार्चात शिरगणती लागली तेव्हा त्यांनी मला बजावलं, "मातृभाषा मराठी सांगायची. उजूचीसुद्धा. इथे आपण मोजके, एक डोकं सुटता कामा नये."

"ती अजून बोलते कुठे?"

"रडते तर मराठीतच!"

इकडे कालिंदीला कुणी सांगितलं होतं, सरकारी वहीत या पत्त्यावर नाव चढलं की रेशनकार्ड होतं. मोजणीचे मास्तर आले त्या दिवशी धुतलेली साडी नेसून, उजूला कडेवर घेऊन ती दाराशी उभी राहिली.

मास्तरांनी आमची तीन नावं उतरवली. मग तिच्याकडे बघून विचारलं, "ही इथेच राहते?"

खाली जिन्यात घरमालक खोकले.

"नाही," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळी जाते."

 उजूनं कालिंदीची नाकातली चमकी मुठीत धरली होती, ती कालिंदी हळूहळू सोडवत राहिली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हसलेच. "अगं वेडे, ती वही कुणाला दाखवत नाहीत. घरमालकाला तर नाहीच नाही. लिहायचं की तिचं नाव!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तिचं होय?" हे तक्त्यात बघत म्हणाले. "सुचलंच नाही गं."

स्वयंपाकघरात गेले तर कालिंदी वळकटी बांधत होती.

"कुठे निघालीस?"

"नणंदेकडे. गाडीनं येते म्हणून तुम्हीच सांगितलंत ना, बौदी? उगाच सरकारी कागद खोटा नको पडायला."

"अगं, त्या वहीनं कार्ड मिळत नसतं."

तिनं दोरीची गाठ आवळली. "मग लिहायला काय हरकत होती?"

आता ती नऊला येते. भांडी, फरशी, आणि बाराच्या गाडीला पळते. उजूला उचलत नाही. हात ओले आहेत म्हणते. उजू पहाटेच जागी होऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे रांगत जाते. मी तिला जवळ घेते, मराठीत समजावते.

ती ऐकत नाही.