मला खुनी म्हणू नका

मित्रांनो, हातखंब्याजवळच्या एका हॉटेलसमोर, अंगाला गुलाबी रंग फासून आणि पोटात प्लॅस्टिकची फुलं भरून उभी केलेली खाणीतली जुनी लोखंडी गाडी म्हणजे मीच. तुम्हाला माझ्याबरोबर फोटो काढायची गंमत वाटते. मला मात्र संताप येतो. गेल्या महिन्यापर्यंत माझ्यावर पाटी होती : 'खुनी गाडी – सेल्फी पॉइंट'.

पन्नास वर्षांपूर्वी मी डोंगराच्या पोटात रुळांवरून धावायचे. काशीराम आणि सदू माझ्यात लोखंडाचे दगड भरून मला बाहेर ढकलत आणत. बोगद्याच्या तोंडाशी काशीरामची बायको मैना ते दगड निवडायला बसे. काशीराम रोज माझ्या चाकांना तेल घाली. तेवढी माया मला पुढे कुणी लावली नाही.

बोगद्याच्या छताला लाकडी टेकू हवे होते. काशीरामने मुकादमाकडे तीनदा मागितले. "पुढच्या आठवड्यात बघू," एवढंच उत्तर. त्याआधीच छत कोसळलं. काशीराम जागीच गेला. सदू माझ्या आडोशाला पडला होता. भलीमोठी शिळा माझ्या कडेवर आदळली. कड वाकली, पण मी शिळा पेलून धरली. सदू जिवंत निघाला.

आणि मुकादमाने खाणीच्या कागदावर काय लिहिलं? गाडी घसरून टेकूला धडकली, म्हणून छत पडलं! अहो, नसलेल्या टेकूला मी धडकणार कशी?

खाण बंद झाली. मी गंजत पडले. हॉटेलवाल्यांनी मला उचलून आणलं, तो आळही सोबत आणला.

गेल्या महिन्यात मैना नातीबरोबर इथे चहाला थांबली. नात समीक्षाने पाटी मोठ्याने वाचली. मैनाने कप खाली ठेवला.

"ह्या कोनी लिवलान?"

मॅनेजर दीपक हसला. "आजी, जुन्या कागदात तसंच आहे. लोकांना आवडतं."

"आमच्या ह्यांना हिनं नाय मारलान! टेकूच नव्हते. सदूभावजींना हिनंच वाचवलान. ही वाकलेली कड बघ."

दीपक ऐकेना. तेव्हा मैना भर उन्हात मला टेकून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सांगत राहिली. गर्दी जमली, लोक जाब विचारू लागले. अखेर दीपकने स्वतःच पाटी उतरवली.

माझा राग अजून शमलेला नाही. त्या मुकादमाला कधी कुणी जाब विचारलाच नाही. मित्रांनो, जुन्या यंत्राला नुसता रंग फासू नका, त्याला तेल घाला. आणि त्याच्याबद्दल काही लिहिण्याआधी, त्याच्यासोबत राबलेलं माणूस अजून आहे का, ते शोधा. मैना याच तालुक्यात राहत होती. पन्नास वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.