चौथ्या मजल्याची मोजणी

या, जरा पुढं सरकून बसा. देवाचं नाव घेऊन झालं, आता त्याच्याच लेकरांची एक गोष्ट सांगतो.

शहराकडच्या हाटकेश वस्तीत भांड्यांना पॉलिश करणारे विठूदादा आणि त्यांच्या मंदावहिनी, मूळचे रत्नागिरीकडचे. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढून दोन हजार एक साली त्यांनी एका इमारतीत चौथ्या मजल्यावर स्वतःचं घर घेतलं. वहिनींचं हृदय अधू. त्या म्हणायच्या, "आता मरेन ती या घरात. परक्याच्या छपराखाली नाय मरायची."

पाच वर्षांनी पालिकेची नोटीस चिकटली. मंजूर नकाशात तीनच मजले. चौथा मजला बिल्डरनं आपल्या मर्जीनं चढवलेला, आणि तो बिल्डर तर केव्हाच गायब.

विठूदादा डगमगले नाहीत. गावाकडं बांधाचा तंटा झाला की मोजणी मागवायची. एकदा हद्दीचे दगड रोवले की कुणी हलवत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. ते सरळ मोजणी कार्यालयात गेले आणि चौथ्या मजल्याच्या मोजणीचा अर्ज पुढं केला.

तिथला मोजणीदार उत्तम भला माणूस. त्यानं नकाशा उलगडला. "काका, हा बघा तुमचा प्लॉट. लांबी आहे, रुंदी आहे. उंची लिहायला जागाच नाही."

"म्हणजे आम्ही पाच वर्षं हवेत डाळभात शिजवतोय?"

"कागदाला विचाराल तर, हो."

"मग तुमच्या कागदाला एकदा जेवायला पाठवा आमच्याकडं!"

उत्तम हसला. आणि खरंच सुट्टीच्या दिवशी आला. वहिनींनी खिडकीतून टेपचं टोक धरलं, तो खाली उभा.

"काकू, सोडू नका हं!"

"सोडतेय कसली! घर हाय माझं."

मग त्यानं चारी भिंती मोजल्या, साध्या कागदावर रेघा ओढून दिल्या. "याला कुठलाच साहेब मानणार नाही," असं तीनदा बजावलं. वहिनींचं लक्ष कुठं होतं! त्या त्याच्या ताटात आणखी एक घावन वाढत होत्या.

पालिकेतल्या सुनावणीला साहेबांनी तो कागद नीट बघितला आणि परत दिला. "छान काढलाय. पण मजलाच मंजूर नाही, आजोबा."

गणपती गेले आणि हातोडे पडले. वहिनी देव पदरात घेऊन खाली उतरल्या.

खोली मिळाली दूर चेणे गावात, भाड्याची. दर एकादशीला वहिनी हाटकेशला यायच्या, रस्त्यापलीकडं उभ्या राहून वर बघायच्या. तिसऱ्या मजल्याच्या वर आता नुसतं आभाळ. पानवाल्यानं एकदा हटकलं, "मौसी, हर बार ऊपर क्या देखती हो? पतंग?"

वहिनींनी बोट वर केलं. "वो कौआ उड रहा है ना, वहाँ मेरा चूल्हा था."

पौषात त्यांना धाप लागली. चेण्याच्या त्या खोलीत विठूदादांचा हात धरून म्हणाल्या, "अहो, मला घरी न्या."

दादांनी त्यांना उचललं, दारापर्यंत आणलं. तिथून पुढं कुठं न्यायचं, ते काही त्यांना सुचेना. उंबऱ्यावरच बसले, वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन. वहिनी तिथंच गेल्या.

मायबाप, आज घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा क्षणभर आमच्या मंदावहिनींची आठवण करा. एवढंच मागणं.