एका दिवसात दोनदा बारा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. चहूकडे क्षितिजापर्यंत मक्याची शेतं, मधोमध एकसष्ट माणसांचं गाव, आणि वर एवढं आभाळ की मान दुखली तरी पाहून संपत नाही. दिसलं? आता आगीच्या बंबाच्या पत्र्याच्या शेडवर नजर टाका. तिथे गंजत बसलेला तो मी. मी एक जुना, हाताने फिरवायचा भोंगा आहे. आमचं गाव मिलो क्रीक, नेब्रास्का.

मला इथे बसवलं त्या दिवशी सारं गाव ऐकायला जमलं होतं. माझा आवाज ऐकून खानावळवाल्या विल्माबाईंचा कुत्रा दोन दिवस बाकाखालून बाहेर आला नाही! गावाचा लोहार एमिल कुचेरा माझा दांडा फिरवी. दुपारी बाराला एकच हाक द्यायची, चढती नि उतरती. घरं उडवून नेणारी वावटळ आली तर मात्र न थांबता ओरडत राहायचं.

तेवीस वर्षं मी रोज बारा वाजवले. रोजच्या आवाजाची माणसाला सवय होते. मी ओरडलो की डबे उघडत, एवढंच. एमिलचे गुडघे गेले, तसा त्याने दांडा अकरा वर्षांच्या नातीकडे, आर्डिसकडे सोपवला. सोबत तेलाची बुधलीही दिली.

"भोंगा कोरडा पडलाय गं."

"उद्या घालते, आजोबा."

असे किती उद्या गेले, ते मी मोजले नाहीत. माझ्या पोटातला आस मात्र करकरू लागला.

मग जूनमधली ती दुपार आली. वारा पडला. चिमण्या गप्प झाल्या. आभाळ पिकत आलेल्या जखमेसारखं हिरवट झालं. बाराला दोन मिनिटं असताना आर्डिस शिडी चढून माझ्यापाशी आली, तोच शेतांपलीकडे ढगातून वावटळीची एक काळी सोंड हळूहळू खाली उतरली आणि जमिनीला टेकली. मित्रांनो, मी खूप वादळं पाहिली आहेत. पण ती सोंड पाहून माझं लोखंड आतून थिजलं. इतकं प्रचंड, आणि इतकं शांत!

"आर्डिस, फिरव! थांबू नकोस!" खालून एमिल ओरडला.

तिने जीव खाऊन दांडा फिरवला. मी चढलो, चढलो... आणि कोरडा आस अडकला. माझा आवाज घसरत विझला. हुबेहूब रोजच्यासारखे बारा!

खानावळीतून हसू ऐकू आलं. "आज भोंग्यालाच आधी भूक लागली वाटतं. विल्मा, वाढ गं!"

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. बुधली खाली भिंतीपाशी होती, तिने ठेवली तिथेच. तिने दांड्यावर हात ठेवला. हलेना. पुन्हा जोर लावला. आस जरासा सैल होताच मी परत चढलो, परत विझलो.

हसू थांबलं. एका दिवसात दोनदा बारा? या गावात असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्यांदा मी ओरडलो, तेव्हा दारं उघडली.

आणि मग आमच्या गावाने नेहमीची चूक केली. जीव वाचवायला तळघरात जायचं सोडून सगळे ओट्यांवर उभे राहिले. टोप्या काढून, तोंडं उघडी टाकून.

"काय रूप आहे बघ!" कुणीतरी पुटपुटलं.

"रूप उद्या बघा रे, गाढवांनो!" एमिल गरजला. "आधी खाली चला!"

तेव्हा कुठे गर्दी हलली. म्हाताऱ्या थीया नोव्होत्नी काठी टेकत सर्वांत मागे होत्या. त्या तळघराच्या पायऱ्या उतरेपर्यंत आर्डिसने मला चार वेळा वाजवलं. मग ती शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आली.

मग वावटळ गावावरून गेली. तिच्या गर्जनेचं वर्णन मला जमणार नाही. चर्चचं छप्पर पाखरासारखं उडालं. माझा कर्णा वाकला. मग आभाळ निळं झालं, जणू काही घडलंच नाही. एक एक करून माणसं वर आली. एमिलने बोट दाखवत मोजली. एकसष्ट.

मित्रांनो, जे रोज तुमच्यासाठी राबतं, त्याची करकर ऐकत जा. ते बंद पडेपर्यंत वाट पाहू नका.

सारं गाव तोंड वर करून आभाळाकडे बघत होतं. आर्डिसने मात्र वर पाहिलंच नाही. चर्चच्या छपरावरून उडून पडलेल्या कौलांखालून तिने तेलाची बुधली शोधून काढली, फ्रॉकला पुसली आणि शिडी पुन्हा भिंतीला लावली.