चिठ्ठीची शेवटची ओळ

आईच्या दफनानंतर चर्चमागच्या सभागृहात कॉफी ओतून झाली, कोलंबीचा सँडविच-केक कापला गेला आणि रिवाजाप्रमाणे भाषणं सुरू झाली. तिच्या फोटोसमोर मेणबत्ती जळत होती. आल्गोट उठला तसा मारितने काटा खाली ठेवला.

शब्दकोशाच्या कचेरीत तो आणि आई, इंगेगेर्ड, तीस वर्षं शेजारी बसले होते.

"स्क्रेकब्लांदाद," तो घोळवून म्हणाला. "भीती कालवलेला. आनंदाला लावायचा शब्द. त्याचा सर्वांत जुना लेखी दाखला मला सापडला, त्या दिवशी इंगेगेर्डने अख्ख्या कचेरीला दालचिनीचे बन खिलवले. अशी होती ती!"

लोक हळूच हसले. मारितची कानशिलं तापली.

बन! दाखला आईला सापडला होता, एका पडक्या घरात. जुने लोक थंडी अडवायला भिंतींना रद्दी पत्रं चिकटवत आणि वरून नक्षीचा कागद लावत. नऊ वर्षांची मारित ओलं फडकं धरून उभी होती आणि आई नखाने एकेक ओळ सोडवत होती. बर्फ वितळू लागलेल्या तळ्यावरून बर्फगाडी हाकल्याचा आनंद कुणा बाईने बहिणीला याच शब्दात कळवला होता. आल्गोटने त्यावर पुस्तक लिहिलं. आईचं नाव आभारात आलं, टंकलेखनासाठी.

"आणखी कुणाला बोलायचंय?" पाद्रीबाईंनी विचारलं. सगळे आपापल्या ताटलीत बघू लागले.

मारित उठली. पर्समधून तिने आईच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी काढली. प्रत्येक शब्दाची अशी एक चिठ्ठी कचेरीत जाई, तळाशी शोधणाऱ्याचं नाव. या चिठ्ठीची दुसरी प्रत आईने घरी जपली होती.

"आल्गोट, तुझा आवाज चांगलाय. वाच."

सगळे बघत होते, म्हणून त्याने वाचली. शब्द. बाईचं वाक्य. 'भिंतीच्या कागदाखाली' इथवर आला आणि थांबला.

"एक ओळ राहिली."

"मारित, आज नको. घरी ये, निवांत बोलू."

"घरीच बोलायची आई. तीस वर्षं, भांडी घासताना. वाच."

"अगं, कॉफी गार होतेय," सोल्वेग मावशी पुटपुटली.

"होऊ दे, मावशी."

"शोधणारी, इंगेगेर्ड लिंडहे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मागे ऐकू गेलं नाही."

त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

मारितने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, फोटोला टेकवून उभी केली आणि जागेवर जाऊन बसली. कोलंबीचा केक तिला कधीच आवडला नव्हता. तिने ताटली पुसून खाल्ली.